आधी लिपी ओळखा, मग वाचा

बीदरमध्ये चौबाऱ्याच्या आसपास दुकानांच्या पाट्या बघत चालले, तर थोड्याच अंतरात चार लिपी भेटतात. एका पाटीवर गोल वळणांची कन्नड, दुसरीवर डोक्यावर रेघ घेतलेली देवनागरी, तिसरीवर उजवीकडून डावीकडे धावणारी उर्दू आणि बहुतेक सगळ्यांवर इंग्रजी. जहिराबादकडची एखादी लॉरी समोर येऊन थांबली की पाचवी तेलुगू. आपल्या भागातल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. औराद-भालकीचा शेतकरी घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड बोलतो, बाजारात दखनी बोलतो आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालतो.

पण वाचकहो, एका गोष्टीचा कधी विचार केला आहे का? उर्दूचे एक अक्षरही वाचता न येणारे चौथीतले पोर पाटीकडे बघून ‘ही उर्दू आहे’ असे झटकन सांगते. वाचता येत नाही, तरी ओळखता येते! हे त्याला कोणी शिकवले? कोणत्या खुणेवरून ते सांगते? विचारले तर त्याला सांगता येणार नाही, आणि खरे म्हणजे आपल्यालाही पटकन सांगता येणार नाही.

हाच प्रश्न संगणकाच्या बाबतीत विचारला, तर त्यातून संशोधनाचा एक मोठा विषय उभा राहतो. आनंदाची गोष्ट अशी की या विषयावर जगात जे काम झाले, त्यातले लक्षात राहावे असे काही काम आपल्याच बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत झाले आहे. मी भाषेचा प्राध्यापक, संगणक हा माझा विषय नाही. पण लिपी हा भाषेचा पोशाख आहे आणि आपल्या घराघरांतल्या जुन्या कागदांशी या संशोधनाचा थेट संबंध आहे. म्हणून ते सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

यंत्राला दिसतात ते आकडे

संगणक आणि चित्र यांच्या व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू आकड्यांतून चित्र तयार करण्याची. हिला संगणकीय ग्राफिक्स म्हणतात. सिनेमातली लढाई, मोबाइलवरचा खेळ, लग्नपत्रिकेवरची नक्षी आणि पडद्यावर उमटणारे अक्षर ही सगळी याच बाजूची. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांच्या परिचयाचा ‘मंगल’ हा फाँट प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. त्यातल्या प्रत्येक अक्षराचे वळण संगणकात गणिती वक्ररेषांच्या रूपात साठवलेले असते. म्हणजे तिथे यंत्राला अक्षर आधीपासून माहीत आहे, फक्त ते काढून दाखवायचे आहे.

दुसरी बाजू बरोबर उलटी, आणि जास्त अवघड. चित्र समोर आहे, त्यात काय आहे ते यंत्राने शोधायचे. याला इमेज प्रोसेसिंग, म्हणजे प्रतिमेवरची प्रक्रिया म्हणतात.

एखादा जुना कागद आपण स्कॅन केला, तर यंत्राला कागदही दिसत नाही आणि अक्षरही दिसत नाही. त्याला दिसतात ते बारीक ठिपके. ए-फोर आकाराचा कागद नेहमीच्या ३०० डीपीआयवर स्कॅन केला, तर त्याचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यांमधला एक आकडा असतो. काळ्या शाईला शून्याजवळचा, पांढऱ्या कागदाला २५५ जवळचा. बस्स, आकड्यांचा एवढा मोठा तक्ता हीच यंत्राची सगळी दौलत. त्यातून ‘हा सात-बारा आहे’ किंवा ‘हे आजोबांचे पत्र आहे’ इथपर्यंत पोहोचायचे आहे.

पहिली पायरी, शाई कोणती आणि कागद कोणता हे ठरवणे. जुना कागद पिवळा पडलेला असतो, त्यावर तेलाचे, चहाचे, ओलीचे डाग असतात. कोणत्या आकड्याच्या खाली शाई मानायची? जपानमधील नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९मध्ये यासाठी एक सुटसुटीत रीत दिली. कागदावरच्या सगळ्या आकड्यांचे दोन गट अशा ठिकाणी पाडायचे, की गटांच्या आत फरक कमीत कमी राहील. ही रीत आजही वापरली जाते. दुसरी पायरी, तिरपा ठेवलेला कागद सरळ करणे. तिसरी, ओळी आणि शब्द वेगळे करणे.

आणि मग येतो आपला प्रश्न. वाचणारी संगणकप्रणाली, म्हणजे ओसीआर, परंपरेने एकेका लिपीसाठी तयार केली जाते. कन्नडच्या ओसीआरसमोर देवनागरी ओळ ठेवली तर ती तिला कन्नड समजून काहीतरी भलतेच वाचून दाखवील. म्हणून ज्या कागदावर दोन-तीन लिपी मिसळल्या आहेत, तिथे वाचण्याच्या आधी ‘ही ओळ कोणत्या लिपीतली?’ हे ठरवावे लागते. नुसते इंग्रजी कागद असलेल्या देशात हा प्रश्न कोणाला पडणार नाही. तो पडतो बीदरमध्ये!

गुलबर्गा विद्यापीठ आणि बीदरचे महाविद्यालय

गुलबर्गा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात प्रा. बी. व्ही. धंद्रा आणि बीदरच्या कर्नाटक कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयात डॉ. मल्लिकार्जुन हंगरगे यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे चिकाटीने हाताळला. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कागदाच्या प्रतिमेतून लिपी ओळखण्यासंबंधीचा एक निबंध २००६मध्ये हाँगकाँगला भरलेल्या पॅटर्न रेकग्निशनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला. २०१०मध्ये हंगरगे आणि धंद्रा यांनी हाताने लिहिलेल्या मजकुराकडे मोर्चा वळवला. २०१३मध्ये हंगरगे, के. सी. संतोष आणि राजमोहन परदेशी यांचा निबंध अमेरिकेत वॉशिंग्टनला झालेल्या दस्तऐवज-विश्लेषणाच्या परिषदेत सादर झाला.

पुढे १६ आणि १७ डिसेंबर २०१६ रोजी प्रतिमा-प्रक्रिया या विषयाची एक आंतरराष्ट्रीय परिषदच बीदरमध्ये भरली. तिचे निबंध स्प्रिंगर या नामांकित प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपाने काढले. हीच परिषद दुसऱ्यांदा डिसेंबर २०१८मध्ये सोलापूरला, तिसऱ्यांदा जानेवारी २०२०मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नंतर २०२१मध्ये युरोपातील माल्टा या देशात झाली. बीदर, सोलापूर, औरंगाबाद, माल्टा! आपल्याकडे एखादी गोष्ट सुरू होते आणि बाहेरगावी जाते, असे किती वेळा घडते?

काठी फिरवण्याची युक्ती

आता या संशोधकांची युक्ती पाहू. ती समजायला गणिताची पदवी लागत नाही.

चार लिपी डोळ्यांसमोर आणा. देवनागरीत शब्दाच्या डोक्यावर लांब आडवी शिरोरेघ. कन्नडमध्ये गोलाई जास्त, आणि अक्षराच्या डोक्यावर आडवे छोटेसे वळण, ज्याला कन्नड मास्तर ‘तलेकट्टु’ म्हणतात. पण ते प्रत्येक अक्षराचे सुटे असते, देवनागरीसारखे सलग जोडलेले नसते. इंग्रजीत उभ्या काठ्या बऱ्याच, उर्दूत तिरपे झोके आणि नुक्ते.

मग असे करायचे. अक्षराच्या सरासरी उंचीच्या हिशोबाने लांबी ठरवून एक काल्पनिक काठी घ्यायची. ती आडवी धरून सगळ्या कागदावर फिरवायची. जिथे अख्खी काठी शाईच्या आत मावते, तेवढीच शाई ठेवायची आणि बाकीची पुसून टाकायची. देवनागरी ओळीवर असे केले, तर शिरोरेघा शिल्लक राहतात आणि अक्षरांचा मोठा भाग गळून जातो. कन्नड ओळीवर केले, तर फारच थोडे उरते. मग तीच काठी उभी धरून फिरवायची, नंतर उजवीकडे तिरपी, नंतर डावीकडे तिरपी. प्रत्येक वेळी किती शाई उरली ते मोजायचे. चाळणीच्या भोकांप्रमाणे धान्य निवडावे, तशी ही निवड. चार दिशांच्या या मोजमापांवरून त्या ओळीचा जणू एक अंगठ्याचा ठसा तयार होतो.

या काठीच्या गणिताचे मूळ मात्र अक्षरांत नाही, दगडांत आहे. १९६४च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज माथेरों आणि जाँ सेरा हे लोरेन भागातल्या लोहखनिजाचा अभ्यास करत होते. खनिजाच्या कापांतील कणांचे आकार कसे मोजावेत यासाठी त्यांनी हे शास्त्र रचले. त्याला मॅथमॅटिकल मॉर्फॉलॉजी म्हणतात. फ्रान्सच्या खाणीतली युक्ती बीदरच्या पाटीवर कामाला आली. विद्या अशी फिरते!

ठसा मिळाला, आता ओळख पटवायची. इथे वापरलेली रीत तर आपल्या घरातलीच वाटेल. मुलीसाठी स्थळ आले की वडीलधारे काय करतात? त्या घराच्या जवळच्या चार-पाच लोकांकडे चौकशी करतात आणि बहुमत काय पडते ते बघतात. संगणकही तेच करतो. ज्यांची लिपी आधीच माहीत आहे अशा शेकडो ओळींचे ठसे त्याच्याजवळ साठवलेले असतात. नवी ओळ आली की तिच्याशी सर्वांत मिळतेजुळते असे जवळचे काही ठसे तो काढतो. त्यांतले बहुतेक देवनागरीचे असतील, तर नवी ओळही देवनागरी. या रीतीला ‘जवळच्या शेजाऱ्यांची रीत’ असेच नाव आहे.

छापील मजकुरात हे बऱ्यापैकी साधते. हस्ताक्षरात खरी परीक्षा. आपल्यापैकी किती जण शिरोरेघ सरळ काढतात? काही जण ती काढतच नाहीत. २०१०च्या कामात हंगरगे आणि धंद्रा यांनी हस्तलिखित इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू घेतली, मजकुराचे ३०० तुकडे आणि ४०० ओळी तपासल्या आणि १३ प्रकारची मोजमापे वापरली. दोनच लिपींतून निवड करायची असेल, तर अचूकता सरासरी ९९.२ टक्क्यांपर्यंत गेली. तीन लिपींतून निवडायचे म्हटल्यावर ती ८८.६ टक्क्यांवर आली. एक लिपी वाढली आणि कठीणपण किती वाढले ते पाहा.

बंगळूरच्या माणसाचे गणित

२०१३च्या निबंधात आणखी एक हत्यार वापरले आहे आणि त्याची कथा सांगण्यासारखी आहे.

बंगळूरमध्ये १९४० साली जन्मलेले नासिर अहमद तिथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. प्रतिमेतील माहिती थोडक्या आकड्यांत कशी बसवावी, यावर त्यांना एक कल्पना सुचली. १९७२मध्ये त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे त्यासाठी अनुदान मागितले. कल्पना फारच साधी आहे, असे परीक्षकांचे मत पडले आणि अनुदान मिळाले नाही. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती रीत जानेवारी १९७४मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. १९९२मध्ये आलेल्या जेपीईजी या प्रमाण पद्धतीचा पाया हीच डीसीटी आहे. म्हणजे आपण मोबाइलवर बारशाचा फोटो काढून जेपीईजीमध्ये नातेवाइकांना पाठवतो, तेव्हा कर्नाटकात शिकलेल्या त्या माणसाचे गणित चालवत असतो.

ही रीत प्रतिमेचे आठ बाय आठ ठिपक्यांचे लहान चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारी छटा किती आणि भराभर बदलणारी छटा किती याचा हिशोब मांडते. डोळ्याला न जाणवणारा भाग मग टाकून देता येतो. पण ही मूळची डीसीटी उभ्या आणि आडव्या बदलांकडे जास्त लक्ष देते, तिरप्या रेषांकडे कमी. आणि हस्ताक्षर तर तिरपेच असते! म्हणून बीदरच्या संशोधकांनी ती कर्णाच्या दिशेने, म्हणजे डाव्या आणि उजव्या तिरक्या रेषांवर चालवून पाहिली. सहा लिपींतील ९००० हस्तलिखित शब्दांवर त्यांनी प्रयोग केला. दोन-दोन लिपींच्या जोड्यांत सरासरी ९६.९५ टक्के, तर सगळ्या लिपी एकत्र आणल्यावर ८५.७७ टक्के शब्दांची लिपी बरोबर ओळखली गेली.

टक्के सोडून द्या. लक्षात घ्यायचे ते असे की हे काम करायला महागडी प्रयोगशाळा लागली नाही. लागले ते अक्षरांकडे बारकाईने बघणारे डोळे आणि अनेक लिपींत लिहिणारी माणसे. दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत. सीमाभागातील लिपींची ही गर्दी आपण आजवर बहुधा कटकट मानली. पाटी कोणत्या लिपीत असावी यावर भांडलोही. संशोधकांनी तिच्याकडे खजिना म्हणून पाहिले.

पेटीतले कागद

आता आपल्या घरात येऊ. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आबांची, कोणी मुत्या म्हणतात त्यांची, एक लोखंडी पेटी असते. तिच्यात खरेदीखते, कर्जाच्या चिठ्ठ्या, इनामाचे मुंतखब, पावत्या, लग्नाच्या याद्या. त्यांची लिपी कोणती? अनेकदा मोडी आणि उर्दू.

याला इतिहास आहे. हे जिल्हे १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. निजामी दप्तराची भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. गावपातळीवर कुलकर्ण्यांचे आणि सावकारांचे हिशोब मोडीत. फारसी-उर्दू कागदांत रकमा तर ‘सियाक’ नावाच्या वेगळ्याच आकड्यांत लिहिलेल्या आढळतात. मोडीचे चलन १९५०च्या सुमारास जवळजवळ थांबले. म्हणजे आजोबा मोडी-उर्दू लिहीत होते, वडील बालबोध आणि थोडी उर्दू, आणि नातू कन्नड व इंग्रजी. तीन पिढ्यांत एकाच घरातले कागद घरच्यांनाच अनोळखी झाले!

याची किंमत कधी कळते? वाटणीचा वाद निघाला की कळते. एखादी जुनी नोंद दाखला म्हणून हवी झाली की कळते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम निजामकालीन नोंदी शोधण्याचे होते. त्या वेळी मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार हवेत, हे एकाएकी सगळ्यांच्या ध्यानात आले. आपल्या बाजूला मात्र असा जाणकार शोधायचा म्हणजे चार गावे पालथी घालावी लागतात, आणि सापडला तर त्याचे वय बहुधा सत्तरीच्या पुढे असते.

कर्नाटक सरकारने २०००च्या आसपास ‘भूमी’ योजनेत सुमारे दोन कोटी पहाणीपत्रके संगणकात आणली. पण ती माणसांनी बसून, एकेक टाइप करून भरलेली होती. अलीकडे तहसील कचेऱ्यांतील जुनी दप्तरे स्कॅन करण्याचे कामही सुरू झाले आहे. ते चांगलेच आहे. मात्र स्कॅन म्हणजे चित्र, वाचन नव्हे. लाखो पानांच्या चित्रांतून आपल्या आबांचे नाव शोधायचे, तर आधी यंत्राला लिपी ओळखावी लागेल आणि मग ती वाचावी लागेल.

मोडीचे यंत्रवाचन का अवघड आहे तेही थोडक्यात सांगतो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिला टांगल्यासारखी अक्षरे लिहीत जायचा. बोरू शक्यतो न उचलता. त्यामुळे अक्षरे एकमेकांत गुंततात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. काठीच्या युक्तीने शिरोरेघ बघून यंत्र म्हणेल ‘देवनागरी’, आणि फसेल! तिथे अधिक बारीक खुणा लागतात.

यंत्राला शिकवायचे कोणी?

२०१२नंतर या शास्त्राची दिशा बदलली. पूर्वी संशोधक स्वतः खुणा शोधून यंत्राला सांगत असत. आता डीप लर्निंगच्या पद्धतीत यंत्रापुढे हजारो नमुने ठेवतात आणि खुणा तेच शोधते. काठी किती लांब घ्यावी हे आता कोणी सांगत नाही. पण या नव्या विद्येची भूक मोठी आहे. तिला नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्याचे खरे वाचन लागते. नुसते चित्र दिले तर ती शिकणार नाही. चित्र आणि वाचन यांची जोडी हवी.

मोडीच्या बाबतीत प्रयत्न चालू आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात हस्तलिखित मोडी अक्षरे ओळखण्यावर काम झाले. जून २०१४मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, म्हणजे मोडी अक्षरे संगणकात मजकूर म्हणून साठवण्याची सोय झाली. सियाक आकड्यांनाही २०१८मध्ये ती मिळाली. २०२५मध्ये आयआयटी रुरकी आणि पुण्याचे सीओईपी यांच्या संशोधकांनी मोडी कागदांच्या २०४३ प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संग्रह तयार केला आणि त्यावर लिप्यंतर करणारी प्रणाली घडवली. त्यात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी तीन वळणे घेतली आहेत.

हे मोठेच काम आहे. पण या तीन नावांकडे नीट बघा. त्यात निजामी अमलातली मोडी असा वेगळा कप्पा नाही. आपल्याकडच्या कुलकर्ण्याच्या मोडीत फारसी-उर्दू महसुली शब्दांची रेलचेल असते, गावांची नावे कन्नड वळणाची असतात, एकाच कागदावर वर उर्दू शिक्का आणि खाली मोडी मजकूर असतो. पुण्याच्या वळणावर शिकलेले यंत्र भालकीच्या कुलकर्ण्यापुढे अडखळेल, यात नवल काय? जो नमुना त्याने पाहिलाच नाही, तो ते कसा ओळखणार? शेजारी नाहीत, तर चौकशी कोणाकडे करणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. युक्ती संशोधक शोधतील, यंत्रे कंपन्या बनवतील, पण आपल्या पेट्यांतले नमुने दुसरे कोणी देऊ शकणार नाही. आणि ते वाचून दाखवणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. कागद आणखी पन्नास वर्षे टिकेलही. वाचणारे आजोबा टिकणार नाहीत.

घरच्या घरी काय करता येईल?

पहिले, जुना कागद लॅमिनेट करू नका. चांगल्या हेतूने पुष्कळ जण हे करतात आणि तो कायमचा खराब करतात. चिकटपट्टीही लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडून शाई खाते. घडीवर फाटत असेल तर कागद सपाट ठेवा, घडी पुन्हा घालू नका.

दुसरे, स्कॅन करताना ३०० डीपीआय आणि रंगीत ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढा. चारही कडा दिसू द्या आणि मागची बाजूही घ्या, कारण शिक्के आणि तारखा बऱ्याचदा मागे असतात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि वर सांगितलेल्या आठ बाय आठच्या चौकोनांत बारीक फाटे आणि नुक्ते हरवतात. माणूस तरी अंदाजाने वाचेल, यंत्र फसेल.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, वाचता येणारे कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्यासमोर बसा. त्यांना कागद वाचायला सांगा, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि नंतर देवनागरीत किंवा कन्नडमध्ये लिहून काढा. वेगळ्या चिठ्ठीवर गाव, साल, कोणाच्या हातचा कागद आणि कोणी वाचला हे लिहून ठेवा. हीच ती चित्र आणि वाचनाची जोडी. एका घरातून दहा पाने झाली तरी थोडी नव्हेत.

चौथे, सावधगिरी. जमिनीच्या कागदांवर नावे, गट, हद्दी असतात. ते गावभर पाठवू नका. आणि यंत्राने किंवा शेजारच्या काकांनी केलेले वाचन कोर्टात पुरावा म्हणून चालेल असे समजू नका. तिथे अधिकृत भाषांतरच लागते.

आमच्या विद्यार्थ्यांनाही एक सांगावेसे वाटते. संगणक शिकायचा म्हणजे बंगळूर-पुण्याला जाऊन परदेशी कंपनीचे काम करायचे, एवढीच वाट नाही. बीदरच्या एका महाविद्यालयात बसून, बीदरच्याच लिपींवर केलेले काम हाँगकाँग आणि वॉशिंग्टनला गेले, हे उदाहरण समोर आहे. कन्नड, मराठी आणि उर्दू तिन्ही वळणे ओळखणारी मुले या कामाला लागतात, आणि अशी मुले आपल्याच वर्गांत बसलेली आहेत. भाषेच्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकावी, संगणकाच्या विद्यार्थ्यांनी प्रतिमाशास्त्र शिकावे आणि दोघांनी एका बाकावर बसावे.

हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगवीच्या देवळावर एक प्रसिद्ध शिल्प आहे. एक सुंदरी पाठमोरी वळून दगडी फलकावर अक्षरे लिहिते आहे. ती ज्याची कीर्ती लिहिते तो चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य बाराव्या शतकात, ११२६मध्ये गेला. लेख मात्र नऊशे वर्षांनीही वाचता येतो, कारण तो दगडात आहे आणि तो वाचणारे विद्वान आहेत. आपल्या पेटीतल्या कागदाला दगडाचे आयुष्य नाही. तेव्हा येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली काढाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक-एक कागद उजेडात धरा. वर लांब रेघ आणि खाली गुंतलेली अक्षरे दिसली तर मोडी. उजवीकडून सुरू होणारे झोके आणि नुक्ते दिसले तर उर्दू किंवा फारसी. वाचता आले नाही तरी चालेल, चौथीतल्या पोराप्रमाणे नुसते ओळखा आणि बाजूला काढून ठेवा.